पोटनिवडणुकीची शाई

काजू भाजल्याचा वास आला की माझ्या डाव्या हाताचं बोट अजून हुळहुळतं बघा. तेव्हा आमचे आमदार निवडून आल्यावर महिन्याभरातच वारले आणि थोड्याच दिवसांत पोटनिवडणूक लागली. माझ्या नखावर आधीच्या मतदानाची शाई तशीच. सासूबाई म्हणाल्या, “दोनदा मत घालतीया म्हणून पोलिसात देतील गं.” मग मी काजूच्या टरफलाचं तेल चोळलं. कातडी सोलली, शाई काय गेली न्हाई. नंदिगड्ड्याच्या शाळेत हात पदरात लपवून मतदानाच्या रांगेत उभी राहिले.

शाई लावणाऱ्या साहेबांनी बोट बघितलं. “अक्का, हे कशाला जाळलंत? ह्या वेळी शाई मधल्या बोटाला लावायची हाय.”

मागनं सासूबाई पुटपुटल्या, “मग आधी सांगायचं न्हाई व्हय?”

आता मतदान आलं की मी आधी सुनेची बोटं बघते.