शांतानं हलकी केलेली पेटी

मोताळ्याच्या बाजारात मी वांगी तोलत होतो. बुलढाण्याहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर गर्दीतून वाट काढत माझ्या दुकानाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, धाडहून निरोप आहे, तुमची बहीण सकाळी गेली. मी समोरच्या बाईची वांगी तोलून पुरी केली, तिच्या पिशवीत ओतली, वर चार मिरच्या टाकल्या. मग दुकान आवरलं. सव्वा महिना झाला या गोष्टीला. लोक भेटायला येतात, त्यांचे डोळे भरतात, मी त्यांना पाणी देतो. मला मात्र अजून काही होत नाही...

शांता माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिचे यजमान माधवराव शाळेत गाणं शिकवत. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच ते तापानं गेले, आणि शांता माहेरी आली ती त्यांची पेटी घेऊन. ती पायपेटी होती. चार लाकडी पायांवर उभी, खाली पावट्या. त्या पायानं दाबल्या की भाता हलायचा. पुढं शांतालाच आठवड्यातून एकदा धाडच्या आणि एकदा पिंपळगाव राजाच्या मुलींना गाणं शिकवायचं काम मिळालं. शाळांत पेटी नव्हती, म्हणून ही न्यावी लागे. डोक्यावर चुंबळ ठेवून मी ती थांब्यावर न्यायचो, गाडीच्या टपावर चढवायचो, उतरवायचो, आणि मुली गात असेपर्यंत बाहेर निंबाखाली बसून राहायचो. मला ते आवडायचं, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी भाजीचा तोडा अंगावर आला आणि लागोपाठ दोन आठवडे मला जाता आलं नाही. धाडच्या हेडमास्तरांनी कळवलं की पुन्हा खाडा झाला तर दुसरं माणूस पाहू. त्या संध्याकाळी वावरातून येऊन पाहतो तर गल्लीतले किसन सुतार अंगणात बसलेले, आणि पेटी आडवी पाडलेली. शांता तिच्यावर खडूनं रेघा ओढत होती.

"काऊन कापून राह्यली वं?" मी म्हणालो. "माधवरावाची एवढी एकच आठवण हाये."

तिनं मान वर केली नाही. "दादा, तू आला नाही तं मी घरी बसली. पेटीही घरी बसली. तशी आठवण मले नाही ठेवाची."

एकदा करवत फिरली की मग जोडता येणार नाही, असं किसनमामांनी दोनदा बजावलं. तिनं हो म्हटलं. पाय गेले, पावट्या गेल्या. खर्जाच्या पट्ट्या गेल्या, कारण मुलींच्या गळ्याला त्या लागत नव्हत्या. सुरांच्या दोन ओळींपैकी एक काढली. सागवानी झाकण जाऊन पातळ फळी आली, आणि मागच्या बाजूला हातानं मारायचा लहान भाता बसला. सगळं झाल्यावर तिनं पट्टी दाबली, तर नुसती फुसफुस. वारा कुठून तरी निसटत होता. दोन दिवस ती त्या पेटीसमोर बसून होती. जेवलीही नाही. आई म्हणाली, पोरीनं हातानं सोनं बुडवलं. तिसऱ्या दिवशी तिनं उदबत्ती पेटवली आणि मला भाता मारायला बसवलं. उदबत्ती ती पेटीच्या सांध्यासांध्यावरून फिरवत गेली. जिथं धूर वाकडा झाला तिथं तिनं खूण केली, आणि मेंढीच्या मऊ कातड्याच्या पट्ट्या सरसानं चिकटवल्या. सरस वाळल्यावर सूर लागला. बारीक होता, पण नीट लागला. तेव्हा ती रडली. यजमान गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

गुरुवारी चामड्याचा पट्टा खांद्याला अडकवून ती एकटी धाडला गेली. मी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं की माझ्या बहिणीनं पेटी हलकी केली. खरं सांगायचं तर त्या दिवशी वावरात माझं मन लागलं नाही. पुढं तिनं धाडलाच खोली घेतली. ती सणावारी यायची, मी निंदणाचं निमित्त सांगून तिकडं जायचं टाळायचो. तिच्या शाळेतल्या मुली कशा गातात हे मी पुन्हा कधी ऐकलंच नाही...

मागच्या आठवड्यात खोली रिकामी करायला गेलो. कपडे, दोन भांडी, वह्या. पेटी उचलली आणि थांबलो. कापल्यापासून मी तिला हातच लावला नव्हता. किती हलकी होती ती. एका हातानं उचलता येत होती.

तिची जुनी विद्यार्थिनी कमल दारात उभी होती. आता तीच बाईंचे तास घेते. तिनं हळूच विचारलं, "मामा, परवा पिंपळगावचा तास आहे. पेटी नेऊ का मी?"

मी ती तिच्या खांद्याला लावून पाहिली. कमल बुटकी, पेटी पार गुडघ्यावर येत होती. शेजारच्या चांभाराकडून आरी आणली, उंबऱ्यावर बसलो आणि पट्ट्याला वरच्या अंगाला नवं भोक पाडलं. शांताचं भोक खाली तसंच होतं, वापरून ताणलेलं, कडा काळ्या पडलेल्या. मी त्यावरून अंगठा फिरवला, बक्कल नव्या भोकात लावलं आणि पेटी कमलला दिली.