राग कळला, पण आला नाही

त्या दोन आगींची घटना आजही आठवते, आणि आठवली की त्या वेळी खाल्लेल्या शिव्याही आठवतात. मी तेव्हा सुरतेत, लिंबायत भागातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो.

एका यंत्रमागाच्या कारखान्यात महिन्याभरात दोनदा कापडाच्या गाठी पेटल्या. दोन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत, मागचं फाटक उघडं असताना. कामगारांनीच आग विझवली. शेठ म्हणाला, शॉर्टसर्किट. पण दुसऱ्या पंचनाम्याच्या वेळी जळक्या गाठींना पेट्रोलचा वास येत होता. गोदामाच्या वरच्या खोलीत रात्रपाळीचे नऊ कामगार दिवसा झोपत. खाली उतरायला जिना एकच.

बातमी एका रिक्षावाल्याने दिली. दोन्ही दिवशी एकच माणूस त्याच्या रिक्षातून तिथे उतरला होता. "साहेब, उजवा हात त्याने खिशातून काढलाच नाही. भाडं पण डाव्या हातानी दिलं."

मी कारखान्याचं हजेरीबुक मागवलं. कामगारांकडून कळलं, की सहा महिन्यांपूर्वी एका कारागिराच्या उजव्या हाताची चार बोटं मागात गेली होती. त्या दिवसानंतर बुकात त्याचं नावच नव्हतं. डिंडोलीतून त्याला चौकशीला आणलं.

चाळिशीचा, धुळ्याकडचा माणूस. दोन तास गप्प. आमचा जमादार वैतागला. "साहेब, बे लाफा मारो, बोली जशे." दोन कानफटात दिल्या की बोलेल, हे त्याचं ठरलेलं औषध. मी त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं.

माझे वडीलही खानदेशातून येऊन इथे माग चालवत, हे मी त्याला सांगितलं. कारागिराला कुठे लागतं, ते मी घरातच पाहिलं होतं. आग तू लावलीस का, असं मी विचारलंच नाही. विचारलं, "तुझ्या मागावर दुसरा माणूस कधी उभा केला?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "त्याच दिन, साहेब. मागवरनं रगत बी पुसेल नव्हतं."

मग तो थांबेना. शेठने दवाखान्यात सोडलं, पुन्हा दारात उभं केलं नाही. बोलता बोलता तो माझ्याकडे झुकला. "तुम्हना बाप बी मागवर व्हता ना? तुम्हले तरी समजस."

"समजतं. सगळं समजतं. आता पुढचं सांग. तिसऱ्या वेळची तयारी कुठे ठेवलीस?"

तो रडू लागला. मला रडू आलं नाही. मी वाट पाहिली.

"जिनाखाले," तो म्हणाला.

पंचांसमोर त्याने स्वतः जागा दाखवली. चिंध्यांच्या पोत्यामागे पेट्रोलने भरलेला पाच लिटरचा कॅन होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने दाखवून दिलेला मुद्देमाल चालतो. त्या जिन्याने वरची नऊ माणसं उतरणार होती.

मी त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्याच्या पायऱ्यांवर उभी राहून सगळ्यांदेखत ओरडली, "आपला मानूस म्हनीसन सांगं त्यानी तुम्हले!" मी ऐकून घेतलं. तिचं म्हणणं खरं होतं. अपघात दडवल्याबद्दल मी शेठविरुद्धही अहवाल पाठवला, तेव्हा तो तणतणत आला. "साहेब, आप किसके साथ हो?" त्यालाही मी बसा म्हटलं नाही.

दगडाच्या काळजाचा, ही पदवी मला तेव्हा मिळाली. निवृत्तीनंतर लोक सांगतात, पोलिसाने दुसऱ्याचं दुःख आपलं मानावं. मी मानत नाही. त्याचा राग मी आपला मानला असता, तर कॅनबद्दल विचारायचं मला सुचलंच नसतं. तो राग कळलाच नसता, तर जमादाराच्या लाफ्यांनी तो माणूस आणखी घट्ट मिटला असता. दुसऱ्याच्या मनात शिरावं जरूर. पण तिथे मुक्काम करू नये.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने मला विचारलं, "आरोपीने असं का केलं, हे तुम्हाला कळलं होतं?"

"पूर्णपणे."

"मग त्याची दया आली नाही?"

"नाही."

कोर्टात कुजबुज झाली. दोन्ही उत्तरं मी शपथेवर दिली होती. त्यांतलं एकही मी आज मागे घेणार नाही.