तापोबाच्या बेटावरचं गाऱ्हाणं

“बाई, हे जपान आहे की रत्नागिरी?” आमच्या रेडिओ केंद्राच्या साहेबांनी स्क्रिप्ट माझ्या टेबलावर टाकलं. “झाडात देव, दगडात देव! मुलांच्या कार्यक्रमात असली भुतंखेतं नकोत.”

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत रेडिओवर मुलांची नाटकं बसवायचे. हे नाटक दत्तारामचं होतं. दत्ताराम मांडवीचा, बोटीवर, म्हणजे मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला. जपानच्या एका बंदरात त्याने जुन्या झाडाला पेंढ्याचा जाडजूड दोर बांधलेला पाहिला. तिथली माणसं त्या झाडासमोर वाकून टाळ्या वाजवत होती. ते काही त्याच्या डोक्यातून जाईना. मग इंजिनच्या धडधडाटात बसून पठ्ठ्याने अख्खं बेट रचलं. तिथे पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, पाणजाई राहते, कातळावर चिडका तापोबा. विचारल्याशिवाय कुणी फांदीही तोडायची नाही. मला ते बेट इतकं आवडलं होतं, की घरी भाजी चिरतानाही मी तिथेच असायचे.

दत्तारामची रजा संपत आली होती. पुन्हा बोट गाठली की स्वारी वर्षभर गायब. साहेब म्हणाले, “एक सीन रेकॉर्ड करा. मी आत स्टुडिओत बसून ऐकतो. नाही पटलं तर विषय बंद.” दत्तारामचा चेहरा पडला.

सीन असा: बोट फुटलेला खलाशी घरी परतण्यासाठी डोलकाठीचं लाकूड झाडाकडे मागतो. आमचे नट होते कॉलेजातले एक प्राध्यापक. “हे वृक्षदेवते, अनुमती दे!” असं ते म्हणाले, ते थेट बक्षीस समारंभातलं वाटलं. साहेबांनी जांभई दिली. टेकवर टेक झाले. झाड काही ऐकेना.

दत्ताराम आत साहेबांशेजारी बसला होता. मी टॉकबॅक दाबला. टॉकबॅक म्हणजे काचेमागून स्टुडिओत बोलायचं बटण. “दत्ताराम, होडी पाण्यात लोटताना तुमच्या वाडीत देवाकडे कसं मागतात?”

“गाऱ्हाणां घालतात, बाई. पण तां हितं कसां चालंल?”

“चालेल. तुम्हीच घाला.”

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. तो लागला की आत कुणी खोकायचंही नाही. दत्तारामने हात जोडले.

“बा म्हाराजा, ह्या बेटाच्या मालका, आज तुज्या दारात परका खलाशी उबा हाय. काय चूकभूल झाली असंल ती पदरात घे. त्याला लाकूड दे नि सुखरूप घरी पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने स्टुडिओ घुमला. प्राध्यापक म्हणाले. करवंट्या वाजवणारा इफेक्ट्सवाला म्हणाला. काचेमागे मीही म्हणाले. आणि सगळ्यांत खणखणीत आवाज साहेबांचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

साहेबांनी डोळे उघडले. लाल दिवा चालूच होता.

“रिटेक घ्यायचा का, साहेब?” मी हसू दाबत विचारलं.

“कशाला?” ते चष्मा पुसू लागले. “गाऱ्हाणं दोनदा घालत नाहीत.”

नाटक रेडिओवर लागलं. टेप मात्र राहिली नाही. तेव्हा टेप पुसून त्यावर नवं रेकॉर्डिंग करत. त्याची हळहळ मला आजही वाटते. दत्ताराम पुढच्या रजेत आला, तो आधी हेच विचारत, “सायबांचा आवाज कापलात काय?”

छे, तो कसा कापणार? गाऱ्हाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर साहेबांना आतच बसवावं. माइकजवळ.