कारण सांगायचं नाही

माझी ताई मारकुटी होती. हे आधी सांगून मोकळं झालेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं गोडगोड वाटेल आणि गोडगोड लिहिणं मला जमत नाही.

ताई कपडे शिवायची. पुलाच्या तोंडाशी तिचं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, अर्धवट शिवलेले कपडे टांगायची दांडी आणि मधून जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. काज-बटण आणि हातशिलाई माझ्याकडे. ताईनं अकराव्या वर्षी सुई धरली. जिच्याकडे ती शिकली ती बाई टाका वाकडा पडला की लाकडी पट्टीनं बोटांवर मारायची. ताई हे कौतुकानं सांगायची. 'म्हणून माझा हात सरळ,' म्हणायची. मला तिनं तशाच पट्टीनं शिकवलं आणि माझी शिवण अजून वाकडी आहे, म्हणून तर काज-बटण.

मेहुणे गेले तेव्हा भाची तीन वर्षांची होती. ताईनं तिला एकटीनं वाढवलं आणि काही म्हणून कमी पडू दिलं नाही, मारसुद्धा. दूध उतू गेलं, गणित चुकलं, उलट बोलली, पावणेसहाला यायचं ते सहाला आली. प्रत्येक फटक्यामागे ताईकडे कारण तयार असायचं, आणि ते खरंही असायचं. ती उगाच कधी मारत नसे. यावरून आम्ही सगळे तिला न्यायी म्हणायचो.

भाची एकोणीस वर्षांची झाली त्या साली दुकानात गिऱ्हाइकांसमोर ताईनं तिच्या तोंडात मारली. कारण खरंच होतं. पोरीनं एका बाईचं महागाचं कापड चुकीच्या रेघेवर कापलं होतं. भाचीनं कात्री टेबलावर ठेवली. संध्याकाळी बॅग घेऊन माझ्या खोलीवर आली आणि दुसऱ्या दिवशी आईला निरोप धाडला, अर्थात माझ्याकरवी: 'परत हात उचलणार नाही, एवढं एकदा म्हण. मग येते.'

ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, 'आईनं मारलेलं काय मारणं असतं का गं?'

'मग तसं सांगू?'

'सांग.'

मी सांगितलं. भाचीनं माझ्याकडेच कपाटात एक कप्पा रिकामा करून मागितला.

आमच्या गावात तेव्हा पुलाअलीकडची पोरं आणि पलीकडची पोरं यांचं हाडवैर होतं. फुटबॉलच्या मैदानावरून सुरू झालं म्हणतात, पण ते मैदानही आता राहिलेलं नाही. दर शनिवारी दुपारी पुलाच्या दोन टोकांना दोन टोळकी जमायची आणि दगड उडायचे. मोठी माणसं कानाडोळा करत. मग एका दगडानं भाचीच्या वर्गातल्या एकाचा डोळा गेला. पुढच्या शनिवारी भाची आणि तिच्याबरोबरची दहा जणं पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. घोषणा नाही, फलक नाही. हात उचलायचा नाही एवढंच ठरलं होतं, आणि चुकून उचलला जाऊ नये म्हणून तो खिशात घालायचा. सात मुलगे होते, त्यांना खिसे होते. चार मुलींच्या कपड्यांना खिसेच नव्हते. त्या बिचाऱ्या काखेत हात घालून, थंडी वाजल्यासारख्या उभ्या राहिल्या.

'खिसेकापू आले रे!' पलीकडून कुणीतरी ओरडलं. दोन्हीकडची पोरं हसली. हसताना नेम धरता येत नाही, त्यामुळे तो शनिवार तसाच गेला. तेव्हापासून ती दर शनिवारी तिथं उभी राहू लागली आणि त्यांना सगळे खिसेवाले म्हणायला लागले.

सोमवारी त्यातल्या तीन मुली दुकानात आल्या आणि कपड्यांना खिसे लावून द्याल का म्हणाल्या. ताईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मला वाटलं, आता हाकलते. तिनं टेप घेतली आणि त्यांची मनगटं मोजली.

पोरीला घरी बोलवायला तिची जीभ वळत नव्हती, म्हणून तिनं मशीन चालवलं असं मी समजते. मन लावून केलं तिनं ते काम. 'राग यायला एक क्षण लागतो,' मला म्हणाली, 'हात बाहेर निघायला दोन लागले पाहिजेत.' तिला माहीत असणारच. म्हणून खिसा मनगटापर्यंत खोल आणि तोंड चिंचोळं. हात आत सहज जाई, बाहेर काढताना अडके. मुलींना ते फार आवडलं. मग मुलगेही आपापले आयते खिसे उसवून तसे करून घ्यायला आले. मग पलीकडचे आले, आधी दोघं, चोरासारखे. बस डेपोत काम शिकणारी मुलं आली, नर्सिंगच्या मुली आल्या. महिन्याभरात मी काज-बटण सोडून खिसेच कापत बसले.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर त्यांची बैठक असे. भाचीबरोबर मीही जायची, मागे बसून हातशिलाई करायची. मत घ्यायचं झालं तर ते हात वर करत नसत. 'हात वर करायला आपण काय अंग काढून घेतोय?' असं एकजण म्हणाला आणि तेव्हापासून उभं राहून मत द्यायची रीत पडली. आणखी एक रीत होती. आठवड्यात ज्याच्या हातून कुणाला मारलं गेलं असेल त्यानं उठायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या: कुणावर आणि कधी. कारण सांगायचं नाही. बाकीच्यांनी 'ऐकलं' म्हणायचं, की त्यानं खाली बसायचं.

'कारण का नाही?' मी भाचीला विचारलं.

'कारण सांगायला लागला की माणूस स्वतःचा वकील होतो, मावशी.'

हे वकिलाचं मी ताईला सांगितलं नाही; रीत तेवढी तिला खिसे लावायला येणाऱ्या पोरींकडून कळली होती. भाचीचे दोन कपडे मात्र गुपचूप दुकानात नेले. ताईनं ओळखले. सगळ्यांत खोल खिसे तिनं त्यांना लावले आणि सगळ्यांत चिंचोळी तोंडं ठेवली. 'हिचा राग माझ्या वळणावर गेलाय,' म्हणाली.

अडीच महिन्यांनी एका शनिवारी पुलावर टायरच्या दुकानातल्या एका पोरानं भाचीला ढकललं. नुसतं ढकललं. दुसरं कुणी असतं तर हात टेकून सावरलं असतं. भाचीचे हात खिशातून निघालेच नाहीत. ती तोंडावर आपटली ती थेट फुटपाथच्या दगडी कडेवर. हनुवटी फाटली, सात टाके पडले, अर्धा दात गेला. दवाखान्यात ताई आली आणि पलंगाशी उभी राहिली. परिचारिकेनं पोरीचे कपडे पिशवीत घालून तिच्या हातात दिले. ताईनं खिशात स्वतःचा हात घालून बघितला. बाहेर काढायला वेळ लागला.

मंगळवारी भर दुपारी तिनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि चालू लागली. मी मागे धावले. टायरच्या दुकानात तो पोरगा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. विशीचा असेल. ताईनं त्याला उभं केलं आणि दोन लगावल्या.

'काकू, मी फक्त ढकललं हो,' तो गालावर हात धरून म्हणाला. 'वाटलं, हात पुढे करेल ती.'

तिसरी तिथंच थांबली.

गावाला तेवढं पुरलं. 'खिसेवालीची आईच मारते' हे संध्याकाळपर्यंत दोन्ही टोकांना पोचलं. पलीकडचे नऊ जण बैठकीला येणार नाही म्हणाले. पुलापाशी पुन्हा दगड जमवलेले दिसले. भाची माझ्या खोलीत पट्टी बांधून पडली होती. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं पाटीवर लिहिलं: 'सगळं गेलं.' मला ताईचा इतका राग आला की ती समोर असती तर माझाच हात उठला असता.

ताई दुकानात खिसे उसवत होती. निरोप धाडून तिनं सगळ्यांचे कपडे परत मागवले होते. 'तोंडं मोठी करते,' म्हणाली. 'पडताना हात निघायला हवा. हे मला कळायला हवं होतं.' पाच दिवस तिनं दुसरं काम हातात घेतलं नाही.

रविवारी ती बैठकीला आली. मैदान भरलेलं होतं. फाटकाशी टायरवाला पोरगा चार दोस्तांना घेऊन उभा होता. ताई उठली.

'टायरच्या दुकानातल्या मुलावर,' ती म्हणाली. 'मंगळवारी. त्यानं...'

आणि थांबली. त्या 'त्यानं'च्या मागे किती वाक्यं ताटकळत होती ते मला माहीत आहे. तिनं ती गिळली.

'ऐकलं,' सगळे म्हणाले. तिनं आता बसायचं होतं. ती बसली नाही.

'अजून आहे. माझ्या मुलीवर.'

बैठक चालवणारा मुलगा गोंधळला. 'कधी, काकू?'

ताईनं खरोखर आठवून बघितलं. 'ती तीन वर्षांची होती तेव्हापासून. एकदा दूध...' तिनं मान हलवली. 'नाही. कारण नाही सांगायचं. आणि धाकट्या बहिणीवर. ती दहा वर्षांची असल्यापासून, माझं लग्न होईपर्यंत.'

मी तोवर सुई ओवत होते. मला त्याचं काही वाटतं हेच मला माहीत नव्हतं. मी तिथं मैदानात सगळ्यांदेखत रडले.

'ऐकलं,' सगळे म्हणाले. भाचीची हनुवटी बांधलेली होती, ती काही म्हणाली नाही. टायरवाला पोरगा दोस्तांना घेऊन निघून गेला. पुढच्या शनिवारी पुलावर दगड पडले नाहीत आणि नवांपैकी सहा परत आले. याहून जास्त काही झालं असं मी सांगणार नाही.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी आम्ही नुकतंच दुकान उघडलं होतं. भाची बॅग घेऊन दारात आली. पट्टी निघाली होती, टाके दिसत होते. ताई मशीनवरून उठली, दोन मशिनांमधून आडवी होऊन पुढे आली आणि ते टाके बघायला तिनं पोरीच्या हनुवटीकडे हात नेला.

भाचीचे डोळे गच्च मिटले आणि खांदे वर गेले.

ताईनं ते बघितलं. तिनं हात पुढे नेला नाही आणि मागेही घेतला नाही. भाचीचे डोळे उघडेपर्यंत ती तो तसाच धरून उभी राहिली. त्याला बराच वेळ लागला. मग भाचीनं बॅग खाली ठेवली.