त्यानं स्वतःला जागा ठेवली

माझी बायको कुठं गेली ते मला सांगता येतं, पण तिथं जाऊन बसता येत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या गाडीतून गेली. तिनं देहदान केलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात घातलं एका फ्रेंच लेखकानं. त्या माणसाबद्दल लिहायचंय. मी सातवी शिकलेला, सांगलीत पिठाची गिरणी चालवली. लेखकाबद्दल लिहायचा मला काय अधिकार, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. त्याच्याबद्दल मी जेवढं ऐकलंय तेवढं त्याच्या गावातल्यांनीपण ऐकलं नसेल.

ही प्राथमिक शाळेत शिकवायची. संध्याकाळी मी पिठानं पांढरा होऊन यायचो, अंघोळ करून ताटावर बसायचो, आणि ही समोर पुस्तक घेऊन. गिरणीनं माझे कान अर्धे नेलेले, म्हणून ठणठणीत आवाजात वाचायची. शेजारीण सकाळी विचारायची, "बाई, तुमच्या फ्रेंच माणसाचं पुढं काय झालं? काल मी पाणी भरायला गेले न् राहिलं."

त्याचा जन्म समुद्रकाठच्या गावातला. बाप मासे पकडायचा. पोराला पाद्री करायचं म्हणून धर्माच्या शाळेत घातलं, तर ते तिथून पळालं. मोठ्या शहरात जाऊन पेपरात लिहायला लागलं. पुढं त्याच्या देशानं दुसऱ्यांच्या मुलखात लढाई चालवली, तेव्हा हा आपल्याच सरकारच्या विरोधात बोलला आणि तुरुंगात जाऊन आला. मग पुस्तकं, सभा, टीव्हीवर भांडणं. सरकारनं पदक दिलं तर यानं परत पाठवलं.

"घरात ठेवायला जागा नसेल," मी म्हणालो.

"तुम्हाला मेलं कशाचं कौतुकच नाही," ही म्हणाली.

कौतुक होतं. बोलतो तसं वागतो, एवढंच मला कळायचं, आणि तेवढं मला पुरे होतं.

मरणावरचं त्याचं पातळसं पुस्तक मराठीत आलं. त्यात त्याचं म्हणणं असं की माणूस मेल्यावरसुद्धा जमीन अडवून बसतो, ही मालकीची खोड आहे. तो लिहितो, मी आणि माझी बायको आमची शरीरं डॉक्टरकीच्या पोरांना देणार, आमची कबर कुणी शोधू नये. हिनं ते पान परत वाचलं. मग म्हणाली, "अहो, आपणही करू या." मी भाकरी मोडत होतो. बरं म्हणालो. दोघांची नावं कॉलेजात नोंदवली.

पहिली ती गेली. गाडी दारात आली तेव्हा तिचा भाऊ मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "दाजी, अजून वेळ गेली नाही. माझ्या बहिणीला अग्नी द्या."

"तिला शब्द दिलाय."

"निदान दहावं तरी घाला. का तेही त्या फ्रेंचाला विचारायचंय? येणार आहे का तो तेराव्याला जेवायला?"

त्यानंतर तो माझ्या दारात आला नाही. राख नाही, अस्थी नाहीत, नदीवर जाणं नाही. काही महिन्यांनी मी कॉलेजात गेलो. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, "बाबा, कुणाचं शरीर कुठलं ते आम्ही सांगत नाही. काम झालं की आम्हीच शेवटचं करतो." मी फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभा राहिलो आणि घरी आलो.

मग पोरानं मला इकडं अमेरिकेत, एडिसनला आणलं, कायमचं. ओक ट्री रोडवर भाकरीचं पीठ मिळतं. विकत आणलेलं, शिळं.

परवा सून म्हणाली, "बाबा, आईंचा तो फ्रेंच रायटर इथल्या लायब्ररीत येतोय. शनिवारी दुपारी. एका युनिव्हर्सिटीत शिकवायला आलाय म्हणे. मी माझा क्लास कॅन्सल करते, आपण जाऊ."

इस्त्रीचा शर्ट घातला. तिच्या वतीनं जातोय असंच वाटत होतं. तिला अख्ख्या आयुष्यात तो दिसला नाही, मला दिसणार होता.

म्हातारा माझ्यापेक्षा थकलेला. इंग्रजीत बोलत होता, सून माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. त्याची बायको वारली होती. नवं पुस्तक तिच्यावरच होतं. एवढं सांगून सून गप्प झाली.

"काय म्हणतोय?"

"काही नाही बाबा, असंच."

"सांग."

तिनं सांगितलं. त्यानं बायकोला पुरलं. गावातल्या जुन्या दफनभूमीत, समुद्र दिसतो तिथं. दर रविवारी घडीची खुर्ची घेऊन जातो, तिला पेपर वाचून दाखवतो. दगडावर स्वतःचंही नाव कोरून घेतलंय, शेजारची जागा राखून ठेवलीय. लोक डोळे पुसत होते. माझ्या पुढची बाई हुंदके देत होती.

त्यानं बसायला जागा ठेवली. आमची घालवली आणि स्वतःला ठेवली.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभा राहिलो. सुनेनं शर्ट ओढला, पण उठली माझ्याबरोबर. मी मराठीत बोललो, तिनं इंग्रजीत सांगितलं. म्हणालो, "तुमचं ऐकून माझ्या बायकोनं देह दिला. तुम्ही रविवारी खुर्ची घेऊन जाता. मी कुठं जाऊ?"

त्यानं आधी विचारलं, ही भाषा कुठली? सुनेनं सांगितलं. आपलं पुस्तक या भाषेत गेलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग त्यानं माझ्या बायकोचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं म्हणून बघितलं, त्याला जमेना. मग खाली बघत म्हणाला, "ते मी तरुणपणी लिहिलं. तोवर माझं कुणी मेलं नव्हतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाजवल्या, मलाही वाजवल्या. मी भांडायला उभा होतो, त्यांना तो कार्यक्रमातलाच भाग वाटला. नंतर एक जण पाठीवर हात ठेवून काहीतरी गोड बोलला. मी तो हात काढला.

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोटारडा म्हणून सोडून दिला असता. हा खरंच बदलला होता, आणि बदललो असं आम्हाला कळवायचं त्याला सुचलं नाही. कळवणार तरी कसं, आम्ही आहोत हेच ठाऊक नव्हतं. रोज आमच्या घरात जेवणाच्या वेळी यायचा, आणि आम्ही कोण ते त्याला माहीत नाही.

गाडीत बसल्यावर सुनेनं माझा पट्टा लावला. मग म्हणाली, "बाबा, तुमचं नाव पण नोंदवलंय ना तिथं? आता काय करायचं? तुम्हाला नको असेल तर इथे आपल्या पद्धतीनं सगळं होतं. अस्थी आम्ही घेऊन जाऊ."

"मी परत जातो," मी म्हणालो.

"सांगलीला? एकटे?"

"इथं मेलो तर इथंच जाळाल. मला त्या कॉलेजात जायचंय."

"पण बाबा, आत्ता तर तुम्हाला त्याचं पटलं नाही."

"त्याचं नाहीच पटलं. मेला बायकोजवळ पडणार आहे आणि मला लांब ठेवलंय. ही ज्या खोलीत गेली त्या खोलीत मला नेऊ दे."

"आई आता तिथे नाहीत."

"ठाऊक आहे मला."

तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मला सुनेचं रडणं बघायची सवय नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. रात्री जेवताना पोरगा म्हणाला, "बाबा, तिथे तुमचं कोण बघणार? थोडं प्रॅक्टिकल व्हा."

मी म्हणालो, "तिकीट बघ."