गावठी

साठ सालच्या आसपास कुवेतमधल्या अहमदीच्या तेलछावणीत माझ्याबरोबर व्हेनेझुएलाचा एक ड्रिलर होता. दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. भाकरी थापल्याचा आवाज आला की बोलणं अर्धवट सोडून ऐकत बसायचा. त्याची आई मक्याची भाकरी अशीच थापायची म्हणे. पहिला घास घेतला की डोळे मिटून म्हणायचा, "क्रिओलो!"

एकदा मी अर्थ विचारला. मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, "आजोबा स्पेनचे, पण मी जन्मलो व्हेनेझुएलात. अशा माणसांना क्रिओलो म्हणायचे. आता तिथल्या कोंबडीलाही म्हणतात, भाकरीलाही."

"म्हंजे गावठी!" स्टोव्हजवळून माझी बायको हसली. "आमच्या रत्नागिरीत कोंबडी गावठीच लागते."

त्याला तो शब्द फार आवडला. "गावठी, गावठी," करत त्याने इथेच, छावणीत जन्मलेल्या आमच्या रांगत्या मुलीला उचललं. "भाभी, ही पण गावठी."

"कुठल्या गावची?" बायकोने विचारलं.

त्याने दाराबाहेरच्या वाळूकडे बोट दाखवलं.

'पुढच्या वर्षी घरी जाऊ' असं दर वर्षी म्हणणाऱ्या माझ्या बायकोने स्टोव्ह बंद केला. तिने मुलीला त्याच्याकडून घेतलं आणि कितीतरी वेळ छातीशी धरून ठेवलं.