सोमीच्या हातातली मूर्ती

हे माझ्या बायकोलाही कधी कळलं नाही, आणि आता ती नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे मान देतात. मोसमातल्या पहिल्या मूर्तीचे डोळे रंगवण्याआधी कारखान्यातली पोरं अजून माझ्या पाया पडतात. मीही हात वर करतो, आशीर्वाद देतो. त्या वेळी स्वतःची अशी किळस येते की — पण आधी घडलं ते सांगतो.

आमचा गणपतीचा कारखाना हमरापूरला. मी आखणी करायचो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचो. सोमी तिथेच कामाला होती, कातकरीवाडीतली. कच्च्या मूर्ती पॉलिशपेपरनं घासायची. सोंड, पोट, बोटांच्या बेचक्या — सगळं तिच्या हातांनी गुळगुळीत व्हायचं. पण एकदा डोळे काढले की तिनं मूर्तीला शिवायचं नाही. हा नियम कुणी केला? कुणीच नाही. पाळत मात्र सगळे होतो. मी जरा जास्तच.

त्या दिवशी रोह्याच्या एका गिऱ्हाईकाची मूर्ती गाडीनं पोचवायची होती. मूर्ती माझ्याकडे, सजावटीच्या सामानाची पाटी सोमीच्या डोक्यावर. पॅसेंजरमध्ये आधी चढता यावं म्हणून मी मूर्ती फलाटाच्या अगदी कडेला ठेवली.

"देवाला लईच घाई दिसते रोह्याची," बाकावरचा एक जण म्हणाला. लोक हसले. मीही हसलो.

सोमी हसली नाही. "दादा, मूर्ती मागं घ्या ना. एक्स्प्रेस येतेय."

"तू मला शिकवतेस व्हय गो?"

आता विजेची इंजिनं आली, तेव्हा डिझेलची होती. एक्स्प्रेस आमच्या स्टेशनात थांबत नसे. भोंगा वाजला, धूर आला, जुना फलाट पायाखाली थरथरायला लागला. आणि मी — मी मागे पळालो. मूर्ती तिथेच सोडून. डोळे मिटून भिंतीला चिकटलो.

हादऱ्यानं मूर्ती पडली, असं सांगितलं तर तुम्ही मानाल. पण तसं झालं नाही.

शेवटचा डबा गेला. डोळे उघडले तर सोमी कडेपासून लांब, उकिडवी बसली होती. पाटी पालथी, सामान फलाटभर. मूर्ती तिच्या छातीशी. धड. साधा टवका उडाला नव्हता.

"वाचला देव, दादा," ती म्हणाली. आता ती हसत होती.

आणि मला काय दिसलं? तिचा हात. मी रंगवलेल्या कपाळावर तिचा धुळीनं माखलेला, घामेजला हात. लोक बघत होते ना! "सोड!" मी ओरडलो आणि मूर्ती हिसकावली. ती देतच होती — मग हिसकायची काय गरज होती? मूर्ती माझ्या हातून निसटली. सोंड एकीकडे, हात दुसरीकडे.

कारखान्यात परतल्यावर मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हिनं हात लावला." एवढंच. खोटं तरी कुठे होतं? — असाच खोटेपणा असतो माझ्यासारख्यांचा, स्वच्छ, धुतलेला.

मालक तिच्याकडे वळले. "लावलास?"

"व्हय, लावला," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढचं मी सांगेन असं तिला वाटलं असावं. मी ब्रश धुवायला घेतला.

तिचं काम गेलं. वाडीतल्या बाकीच्या बायकांनाही मालकांनी पुन्हा बोलावलं नाही. पावसाळ्यानंतर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेल्याचं ऐकलं. परत आली का? आहे का? मला माहीत नाही. वाडी कारखान्याच्या मागेच आहे. हाक मारली तर ऐकू जाते. मी मारली नाही.